सरांचं नाक

“चप्पल कुठे काढलीस?”

वर्गातल्या एखाद्या मुलाने ऐटीत विचारलं की, “सर, पण बाहेरचं जग खरंच आहे हे कशावरून?” तर सर आधी त्याच्या पायांकडे बघायचे आणि हा प्रश्न टाकायचे.

“बाहेर, सर.”

“इथून दिसतेय?”

“नाही.”

“तास संपल्यावर कुठे शोधशील?”

“बाहेरच.”

“मग झालं तर. बस खाली.”

चपला बाहेर असायच्या त्या माझ्यामुळे. पौडच्या आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञानाला सात-आठ मुलं. त्यांना वेगळी खोली कोण देणार? म्हणून सरांचा तास ग्रंथालयाच्या मागच्या टेबलाभोवती भरायचा. मी ग्रंथपाल. लाल चिखल घेऊन कुणी पुस्तकांत शिरलेलं मला चालत नसे. अशी वीसेक वर्षं मी पुस्तकांवर शिक्के मारता मारता तत्त्वज्ञान फुकट ऐकलं.

तुम्हीही असा एखादा शिक्षक पाहिला असेल, ज्याचा सगळा विषय एका धड्यात मावलेला असतो. सरांचा तो धडा शंकेचा होता. ते सांगायचे, की काही मोठे विचारवंत अनुभवापासून निघाले आणि अशा ठिकाणी पोचले की आपल्याला कळतात त्या फक्त आपल्या मनातल्या संवेदना. त्यांच्यापलीकडे टेबल आहे का, विस्तवामुळेच हात भाजला का, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. त्यावर दुसऱ्या काहींनी उत्तर दिलं, की बाबांनो, माणूस विचार करायला बसतो तोच काही गोष्टींवर विश्वास ठेवून. डोळे, नाक, आठवण, दुसऱ्याचा शब्द. त्या सिद्ध करता येत नाहीत, कारण सिद्ध करायलाही त्याच लागतात.

“इंद्रियं आणि बुद्धी या एकाच घरातल्या बहिणी,” सर म्हणायचे. “एकीला चोर ठरवायचं आणि दुसरीला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवायचं, हा कुठला न्याय?”

एकदा ताम्हिणीकडच्या एका मुलाने त्यांना पेचात धरलं. “सर, डोळे फसवतात की. धुक्यात म्हैस मला दगड वाटली होती.”

“मग म्हैस आहे हे कसं कळलं?”

“जवळ गेलो. पाहिलं.”

“कशाने पाहिलंस?”

मुलगा हसला. सर हसले नाहीत. “डोळे चुकतात. पण ती चूक डोळ्यांनीच दुरुस्त होते. जवळ जावं लागतं, एवढंच. जवळ न जाता लांबूनच जो म्हणतो की काहीच नक्की सांगता येत नाही, त्याला धुकं हवं असतं.”

हे वाक्य मी तेव्हा एका जुन्या कॅटलॉग कार्डाच्या मागे लिहून ठेवलं होतं. त्याचा खरा अर्थ कळायला मला भूगावात राहायला यावं लागलं.

निवृत्त झाल्यावर सरांनी भूगावात फ्लॅट घेतला. वहिनी आधीच गेल्या होत्या, मुलगा परदेशात. दोन वर्षांनी त्याच सोसायटीत मी आणि माझ्या मुलीने शेजारीशेजारी दोन फ्लॅट घेतले. सर दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. आमच्या दोघांकडे कामाला एकच बाई, अनसूया. मूळची गावातलीच. आमच्या इमारती उभ्या आहेत तिथे तिने लहानपणी शेळ्या चारलेल्या.

मागच्या एका उन्हाळ्यात, एप्रिलमध्ये, अनसूयाने सरांच्या ओट्यावरचा नळ बंद केला आणि हात लुगड्याला पुसत म्हणाली, “सर, पान्याला घान वास येतुया. ह्ये पिऊ नका.”

सरांनी भांडं नाकाशी नेलं. वास होता. मोरी तुंबल्यावर येतो तसा, पण पुसट. त्या दिवसापासून ते पाणी उकळून, फडक्याने गाळून पिऊ लागले आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी दोन ओळी लिहिल्या: ‘बोअरच्या पाण्याला वास येतो. कृपया तपासावे.’

उत्तरं पटापट आली. आम्हाला तर येत नाही. आमच्याकडे प्युरिफायर आहे. उन्हाळ्यात येतोच. कुणी तरी नाक दाबलेलं चित्र टाकलं आणि त्यावर पंचवीस जण हसले.

आता मला राग येतो तो या प्युरिफायरवाल्यांचा. प्युरिफायर घराघरांत होता. पार्किंगमधल्या नळाला नव्हता. त्या नळाचं पाणी अनसूया आणि इतर कामवाल्या प्यायच्या, गाड्या धुणारे प्यायचे आणि फाटकाजवळच्या खोलीत राहणारा वॉचमन आणि त्याची बायको ललिता प्यायची. ललिता बिहारची, वीस-बावीस वर्षांची, सातवा महिना लागलेला. सरांनी वॉचमनला वासाचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “बास तो आता है सर जी. हम बोले थे. साहब बोले रिपोर्ट ठीक है।”

साहेब म्हणजे आमचे अध्यक्ष. चाळिशीचे, हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर, बोलायला गोड. रविवारी क्लबहाऊसमध्ये मीटिंग झाली. अध्यक्षांनी पाण्याचा रिपोर्ट भिंतीवर मोठा करून दाखवला. सगळं प्रमाणात.

“काका, वास ही सब्जेक्टिव्ह गोष्ट आहे,” ते म्हणाले. “तुम्हाला येतो, म्हणजे तुमच्या नाकाला येतो. पाण्यात काही आहे हे त्यावरून ठरत नाही. आपण डेटावर जाऊ.”

सरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. हे मी कॉलेजातही पाहिलेलं. राग आला की सर चष्मा पुसायचे.

“हा रिपोर्ट तुम्ही कशाने वाचलात?”

“म्हणजे?”

“डोळ्यांनी ना? मग डोळ्यांवर विश्वास आणि नाकावर नाही, हे कुणी ठरवलं? आणि नमुना कुठून घेतला ते लिहिलंय का त्यात?”

“काका, हे फिलॉसॉफीचं लेक्चर नाही.”

लोक हसले. सरांनी पिशवीतून बाटली काढली, पेल्यात पाणी ओतलं आणि अध्यक्षांसमोर ठेवलं. “पार्किंगच्या नळाचं आहे. आत्ता भरलं. तुमच्या मते ह्यात काही नाही. घ्या.”

अध्यक्षांनी पेला बाजूला सारला. “मी बाहेरचं पाणी पीत नाही, काका.”

“बाहेरचं? हे तुमच्याच सोसायटीचं. बोलता तसं जगून दाखवा ना.”

दारात अनसूया उभी होती. सरांनीच तिला बोलावलेलं. ती म्हणाली, “सायेब, मी रोज दहा घरचं पानी हाताळतुया. बोअरचं येतं तवाच वास येतुया, टँकर आला की न्हाई. ह्या मागच्या भिंतीला वडा हुता. तुमची घानीची टाकी त्या वड्यावरच बांदलीया.”

“ताई, ही मेंबर्सची मीटिंग आहे. तुम्ही बाहेर थांबा,” अध्यक्ष म्हणाले, अगदी गोड आवाजात.

सर उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. “का थांबेल ती बाहेर? ओढा तिने पाहिलाय, तुम्ही नाही. तुमचा जन्म कुठल्या गावी झाला हे तुम्हाला कुणी तरी सांगितलं म्हणून माहीत आहे ना? तेव्हा नाही मागितलात डेटा? कुणाचा शब्द धरायचा आणि कुणाचा नाही, हे तुम्ही तिच्या हातातल्या खराट्यावरून ठरवताय!”

लोक आपापल्या मोबाइलमध्ये बघू लागले. तेव्हा सर वळले आणि त्यांनी मला विचारलं, “वसुधाबाई, तुम्ही सांगा. तुमच्याकडे वास येतो की नाही?”

वास येत होता. आठ दिवसांपासून येत होता. पण माझ्या मुलीचा फ्लॅट विकायला काढला होता आणि बघायला येणारी मंडळी त्याच संध्याकाळी येणार होती. घरून निघताना मुलगी बजावून म्हणाली होती, “आई, तू मध्ये पडू नकोस हं.”

मी म्हणाले, “सर, मला सर्दी झालीय.”

सरांनी मान डोलावली आणि खाली बसले. पेला तसाच टेबलावर राहिला.

पुढचे तीन आठवडे त्या माणसाचं जे झालं, ते मी वरच्या मजल्यावरून बघत होते. अध्यक्षांनी सरांच्या मुलाला परदेशात फोन केला. काळजीनेच केला, असं ते आजही सांगतात. उतारवयात नसलेले वास येतात म्हणे, मेंदूचा काही प्रकार असतो, एकदा दाखवून घ्या. मुलाने घाबरून बापाला फोन लावला. “बाबा, तुम्ही डॉक्टरकडे जा. भांडू नका कुणाशी.”

अध्यक्षांचं जाऊ द्या. पण मुलाचा तो शब्द सरांना लागला.

एके दुपारी ते माझ्या दारात आले. हातात ताट, ताटात दोन पेले. “एक बोअरचं आहे, एक विकतचं. कुठलं कुठलं ते मी सांगणार नाही. तुम्ही फक्त वास घेऊन सांगा.” वीस वर्षं मुलांना ‘बस खाली, तुला उत्तर माहीत आहे’ म्हणणारा माणूस माझ्याकडे स्वतःचं नाक तपासून घ्यायला आला होता.

फ्लॅटचा व्यवहार त्या आठवड्यात पुरा व्हायचा होता. मी म्हणाले, “सर, सर्दी अजून गेली नाही हो.”

“असू दे, असू दे,” असं म्हणत ते जिना उतरून गेले. मी दार लावलं, ओट्यापाशी गेले आणि नळ सोडून नाक जवळ नेलं. वास होताच. मला माझी इतकी घृणा कधी वाटली नव्हती, तरी मी पुन्हा दार उघडलं नाही.

त्यानंतर सरांनी पाणी उकळायचं सोडलं. हे मला अनसूयाने सांगितलं. ती कामाला गेली तर सर नळाचं पाणी सरळ पीत होते. म्हणाले, “रिपोर्ट ठीक आहे, अनसूया. मलाच भास होतोय.”

तिने त्यांच्या हातातला पेला काढून घेतला आणि मोरीत ओतला. “सर, तुमी येवडं शिकल्यालं. वास तुमास्नी येतुया, मलाबी येतुया, त्या वॉचमनच्या बायकुलाबी येतुया. तिघांस्नी येकच भास कसा हुईल?”

सर म्हणाले, “हे मला सुचायला हवं होतं.”

“तुमास्नी सुचलंच हुतं. लोकांनी पुसून टाकलं.”

ती त्यांना इमारतीच्या मागे घेऊन गेली. सांडपाण्याच्या टाकीला लागून भिंतीच्या कडेने हिरवंगार गवत उगवलं होतं, गुडघाभर. मे महिना, टेकड्या जळून पिवळ्या झालेल्या, आणि इथे गवत. अनसूयाने काठी खुपसली. काठी सहज आत गेली आणि वर काळं पाणी आलं. बोअर तिथून चाळीस पावलांवर होता. सरांनी ती पावलं स्वतः चालून मोजली.

त्याच आठवड्यात ललिताचे डोळे पिवळे झाले. आधी उलट्या, मग ताप. वॉचमनने दोन दिवस तिला घरीच ठेवलं, कारण रजा मागायची त्याला भीती वाटत होती. सरांनीच रिक्षा बोलावून तिला दवाखान्यात नेलं आणि तिथूनच पंचायतीत जाऊन पाण्याची तक्रार लिहून दिली. आरोग्य विभागाचा माणूस आला. त्याने पार्किंगच्या नळातून, सगळ्यांच्या देखत, बाटली भरली. चार दिवसांत निकाल आला: पिण्यास अयोग्य. टाकीला तडा गेला होता आणि घाण झिरपून बोअरमध्ये उतरत होती. पहिला नमुना कुठून घेतला होता तेही तेव्हाच वॉचमनच्या तोंडून कळलं. टँकरच्या तोटीतून.

ललिता वाचली. तिचं मूल वाचलं नाही.

ग्रुपवर अध्यक्षांचा संदेश आला. ‘खबरदारीचा उपाय म्हणून कमिटीने स्वतः पुढाकार घेऊन बोअर बंद केला आहे. अफवा पसरवू नयेत.’ खाली अंगठे. टाळ्या. फुलांचे गुच्छ. मी मोजले नाहीत, पण त्यात माझ्या मुलीचाही एक गुच्छ होता.

पुन्हा मीटिंग झाली. ललिताचं नाव सरांनी काढलं, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, “वाईट झालं. पण काका, दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. त्यांच्या खोलीतली स्वच्छताही बघायला हवी. पाण्यामुळेच झालं हे सिद्ध कुठे झालंय?”

माझ्या डोळ्यांसमोर ग्रंथालयातलं ते टेबल आलं. सर त्यावर ज्या विचारवंतांची मतं समजावून सांगायचे, त्यांनी निदान प्रामाणिकपणे, रात्रीचा दिवस करून शंका घेतली होती. त्या शंकेने कुणाचं मूल गेलं नव्हतं. आणि इथे तीच शंका, इस्त्रीचे कपडे घालून, एका बाईच्या रिकाम्या पोटासमोर उभी राहून विचारत होती, सिद्ध कुठे झालंय?

सरांनी चष्मा पुसला नाही. ते शांतपणे म्हणाले, “सकाळी गाडी सुरू होते ती किल्ली फिरवल्यामुळेच, हे सिद्ध करून मग ऑफिसला जाता का तुम्ही? नाही ना? स्वतःच्या गाडीला तुम्ही शहाणपण वापरता. शंका ललितासाठी राखून ठेवलीय.”

एवढं बोलून ते उठले आणि निघून गेले. वॉचमन आणि ललिता महिन्याभरात गावी परतले. त्यांच्या जागी दुसरा माणूस आला.

मी सरांकडे गेले ते पावसाळा सुरू झाल्यावर. इतके दिवस मला जिना उतरवत नव्हता. ते खिडकीपाशी बसून शेंगा फोडत होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. “सर, मला सर्दी झाली नव्हती.”

“माहीत होतं,” ते म्हणाले. “त्या दिवशी मीटिंगमध्ये मी पेला ठेवला, तेव्हा तुम्ही पदर नाकाला लावलात. सर्दी झालेल्या माणसाला काय गरज?”

“मग तुम्ही पेले घेऊन माझ्याकडे का आलात?”

सरांनी हातातली शेंग ताटलीत ठेवली. “तुम्ही तेव्हा तरी खरं सांगाल असं वाटलं. नंतर वाटलं, पदर मीच चुकीचा पाहिला असेन. वसुधाबाई, तुम्ही खोटं बोललात याचा मला फार राग नाही. लोक बोलतात. पण मी तीन आठवडे स्वतःला वेडा समजत होतो. ते तीन आठवडे मी गप्प होतो, आणि ललिता ते पाणी पीत होती. त्याचा राग आहे. तुमच्यावर आहे, माझ्यावरही आहे. तो जाणार नाही. बसा आता. शेंगा खा.”

मी बसले. शेंगा खाल्ल्या. क्षमा त्यांनी केली नाही आणि मीही मागितली नाही. पण त्या दिवसापासून चार वाजले की मी खाली जायचे आणि त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, कारण डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मी एखादा शब्द गाळला की त्यांना बरोबर कळायचं.

सर या जानेवारीत गेले. दुपारी खुर्चीत डोळा लागला तो लागलाच. अनसूयाने चहा आणून ठेवला होता, तो तिने तसाच उचलून परत नेला.

सोसायटीने क्लबहाऊसमध्ये शोकसभा ठेवली. फोटोला हार, उदबत्ती, मागे रिपोर्ट दाखवला होता तीच भिंत. मुलगा येऊन पुढच्या रांगेत बसला होता. अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, “सर आमचे मार्गदर्शक होते. पाण्याच्या प्रश्नावर ते कमिटीच्या पाठीशी खंबीर उभे राहिले. प्रत्येक गोष्ट तपासून बघावी, पुराव्याशिवाय बोलू नये, ही त्यांचीच शिकवण.”

मी पासष्ट वर्षांची बाई आहे. सभेत बोलण्याची मला सवय नाही. पण मी उठले, आणि माझा आवाज मलाच परका वाटला.

“खोटं आहे. सर कमिटीच्या पाठीशी नव्हते. कमिटीने त्यांना वेडं ठरवलं होतं. बोअरच्या पाण्याला वास येत होता. मला येत होता. मुलीचा फ्लॅट विकायचा होता म्हणून मी दोनदा सर्दीचं सोंग केलं. इथे बसलेल्या निम्म्या लोकांना येत होता. ललिताचं मूल त्या पाण्याने गेलं.”

मुलगी माझा हात ओढत होती. सरांचा मुलगा वळून माझ्याकडे बघत होता, तोंड किंचित उघडं.

अध्यक्षांनी मान कलती केली. “काकू, आम्ही तुमच्या भावना समजू शकतो.”

“भावना न्हाईत त्या,” मागून अनसूया म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती, डोक्यावर पदर. “बाई पान्याचं बोलत्यात.”

अनसूया खुर्च्यांच्या मधून चालत पुढे आली, फोटोला हात जोडले, आणि मागच्या दाराने कामाला निघून गेली. तिची अजून चार घरं राहिली होती.